उद्घाटन झाले, माळी कुठे आहे?

कुठल्याही सार्वजनिक उद्यानाच्या फाटकाशी एक कोनशिला असते. काळा गुळगुळीत दगड, त्यावर सोनेरी अक्षरे. मंत्री, खासदार, आमदार, महापौर, उपमहापौर, स्थायी समितीचे अध्यक्ष, आयुक्त, अभियंता, आणि तळाशी, थोड्या बारीक अक्षरांत, कंत्राटदार. वाचकहो, तुमच्या गावची कोनशिला एकदा सवडीने वाचा. त्यात माळी नसतो. ज्याच्या हाताखाली ती बाग बाग म्हणून राहायची आहे त्याचे नाव दगडावर तर सोडाच, पुष्कळदा पालिकेच्या हजेरीपटावरही नसते. ते असते मुकादमाच्या खिशातल्या डायरीत. पुढच्या वर्षी ठेका दुसऱ्याला गेला की डायरीही जाते आणि माळीही जातो.

माझे म्हणणे अगदी साधे आहे आणि ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना पान उलटता येईल. सार्वजनिक बागा आणि मैदाने यांचे माळीकाम ठेक्याने देणे बंद झाले पाहिजे. प्रत्येक बागेला, प्रत्येक मैदानाला मंजूर पदावरचा, कायम नेमणुकीचा, नावागावाने ओळखला जाणारा माळी मिळाला पाहिजे. तो मिळत नसेल तर नवे उद्यान बांधू नये. जुन्यांचीच धूळधाण पुरेशी आहे.

‘माळीकाम ते काय? पाणी घालायचे आणि गवत कापायचे!’ असे म्हणणारे महाभाग आपल्यात कमी नाहीत. बेळगावला कोणे एके काळी गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. त्या कौतुकाने आपल्या लोकांची अशी समजूत झाली आहे की इथे झाडे आपोआप वाढतात. पावसाळ्यात वाढतात, हे खरे. आषाढात कुंपणाची मेंदीसुद्धा माणसाच्या उंचीची होते. पण रोप लावल्यानंतरचे पहिले दोन-तीन उन्हाळे त्याच्या आयुष्याचा निकाल लावतात. फेब्रुवारीच्या शेवटी जमीन टणक होते, राकसकोपच्या पाण्याची पातळी वर्तमानपत्रांत छापून येऊ लागते, आणि त्याच दिवसांत आळ्यात पाणी पडायला हवे असते. ते रोज थोडे थोडे शिंपडून चालत नाही, मुळे वरच राहतात. चार-पाच दिवसांनी पण भरपूर, खोलवर जिरेल असे द्यावे लागते, आणि आळ्यावर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे लागते. हा पालापाचोळा बागेतच पडतो. आपण मात्र तो गोळा करून सकाळी सकाळी पेटवून देतो आणि उन्हाळ्यात पाण्याच्या नावाने ओरडतो.

लव्हाळा घ्या. वरून उपटला की चार दिवसांत दुप्पट जोमाने येतो, कारण जमिनीखालच्या गाठी तशाच राहतात. खुरप्याने त्या गाठी काढणारी बाई आणि यंत्राने वरचा शेंडा उडवणारा मुलगा यांच्या कामातला फरक दुसऱ्या दिवशी दिसत नाही. महिन्याने दिसतो. तोवर बिल मंजूर झालेले असते. गाजरगवताचेही तसेच. फुलावर येण्याआधी, ओल असताना मुळासकट काढले तर ते आटोक्यात येते. बी पडल्यावर कापले तर आपणच पेरणी केल्यासारखे होते. ही तिथी निविदेत लिहिता येत नाही. ती माळ्याच्या डोक्यात असावी लागते.

आणि झाडांचे आजार. गुलमोहराच्या बुंध्याशी पावसाळ्यात भूछत्रे दिसू लागली की मुळाशी कूज धरली आहे असा संशय घ्यावा. फांदीच्या बेचक्यात चीर पडली असेल तर ती वैशाखातच उतरवावी, वळवाच्या वाऱ्याची वाट पाहू नये. पाच वर्षांपूर्वी रोपाभोवती लावलेली लोखंडी जाळी आता खोडात रुतली आहे, दिव्यांच्या माळेची तार फांदीला कापते आहे, हे रोज त्या झाडाखालून जाणाऱ्या माणसाला दिसते. महिन्याला बदलणाऱ्या मजुराला दिसत नाही. दिसले तरी सांगायचे कुणाला, हे त्याला ठाऊक नसते. त्या झाडाखाली आपली नातवंडे घसरगुंडी खेळत असतात, म्हणून हे इतके लांबण लावून सांगतो आहे.

मैदानाची कथा आणखी वाईट. बागेत निदान फुले सुकली की लोकांना कळते. मैदान मेले तरी ते मैदानासारखेच दिसते. प्रदर्शन, मेळावा, सभा, लग्नाचे मांडव असे सारे एकाच जागेवर होते आणि मागे राहतात मांडवाच्या खुंटांची भोके, ट्रकच्या चाकोऱ्या आणि बाटल्यांच्या काचा. खो-खो किंवा कबड्डीचे मैदान करायचे म्हणजे खडे वेचून, माती चाळून, पाणी मारून, माती ओलसर असतानाच रोलर फिरवावा लागतो. सुकल्यावर फिरवला तर वरचा थर फुटतो, फार ओली असताना फिरवला तर माती रोलरला चिकटते. हे ज्याला कळते त्याला आपण ‘शिपाई’ म्हणून नेमतो, आणि उरलेल्या वेळात साहेबांच्या बंगल्यावर कुंड्यांना पाणी घालायला पाठवतो!

आता ठेका. ठेकेदाराला मी चोर म्हणत नाही. काही जण असतीलही, पण मुद्दा तो नाही. अगदी सज्जन ठेकेदार घेतला तरी त्याला वर्ष-दोन वर्षांचे काम मिळते, तेही सर्वांत कमी दर भरल्यामुळे. कमी दरात नफा काढायचा म्हणजे माणसे कमी आणि यंत्रे जास्त. म्हणून पाठीवर इंजिन बांधून, नायलॉनच्या दोरीने गवत उडवणारा एक मुलगा चार बागा फिरतो. ती दोरी रोपांच्या बुंध्याला लागते, जमिनीलगतची साल चहूबाजूंनी सोलली जाते, आणि दोन-तीन महिन्यांत रोप उभ्याउभ्या वाळते. मग आपण म्हणतो, ‘इथली माती बरी नाही.’ नवे रोप लावण्याचा ठेका निघतो. झाड वाढवण्यात ठेकेदाराचा फायदा नाही, ते मरण्यात तोटा नाही, आणि पुन्हा लावण्यात तर सरळ लाभ आहे. अशा व्यवहारात सज्जनपणा किती दिवस टिकावा?

त्या मुलाकडे तरी पाहा. पायात स्लीपर, डोळ्यांना चष्मा नाही, हातांत मोजे नाहीत. गवतात काच असते, इंजेक्शनच्या सुया असतात, पावसाळ्यात घोणस असते. औषध फवारताना तोंडाला रुमाल. त्याला कपडे बदलायला खोली नाही, जेवायला सावली तेवढी फुकट. निंदणीला येणाऱ्या बायकांची स्थिती याहून अवघड, कारण बागेतले स्वच्छतागृह बहुधा कुलूपबंद असते आणि किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसते. साऱ्या शहराने मोकळा श्वास घ्यावा म्हणून जी जागा राखली, तिथे राबणाऱ्या बाईला दिवसभर पाणी न पिता राहावे लागते.

कायदा काय म्हणतो? १९९२ साली राज्यघटनेची ७४वी दुरुस्ती झाली. तिने बारावी अनुसूची जोडली आणि नगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा कामांची यादी दिली. त्या यादीत उद्याने, बागा आणि क्रीडांगणे स्पष्ट शब्दांत आहेत. कर्नाटकात बागा, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा यांच्या जपणुकीचा स्वतंत्र कायदाही १९८५ पासून आहे. म्हणजे जागेला संरक्षण आहे. आता माणसाकडे या. २०२० साली संसदेने कामगारांच्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीविषयीची संहिता मंजूर केली. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. संस्थेच्या गाभ्याच्या कामात कंत्राटी मजूर लावू नयेत असे ती सांगते, आणि लगेच गाभ्याचे नसलेल्या कामांची यादी देते. झाडलोट, पहारा, उपाहारगृह, हमाली अशा कामांच्या रांगेत तिथे बागकाम आणि हिरवळीची निगाही बसवली आहे.

परंतु त्या यादीला एक अट आहे, आणि ती आपण सर्वांनी पाठ करून ठेवावी. संस्था मुळात त्या कामासाठी स्थापन झालेली नसेल, तरच ते काम गाभ्याबाहेरचे. साखर कारखान्याच्या दारातली हिरवळ गाभ्याबाहेरची, हे मान्य. पण ज्या पालिकेच्या कामांच्या यादीत घटनेनेच बागा आणि क्रीडांगणे घातली, तिच्यासाठी बाग राखणे गाभ्याबाहेरचे कसे? माझ्या अल्पमतीप्रमाणे हा प्रश्न अजून कुणी पालिकेच्या सभागृहात नीट विचारलेला नाही. आपल्या नगरसेवकांत वकील आहेत. त्यांनी विचारावा.

न्यायालयाकडे गेले तर? तोही मार्ग झाला आहे, पण त्याची लांबी बघा. गाझियाबादच्या नगर निगमाच्या उद्यान विभागात काही माळी १९९८-९९ पासून राबत होते. किमान वेतन नाही, साप्ताहिक सुट्टी नाही. २००४ साली त्यांनी कायम करण्याची मागणी घेऊन औद्योगिक विवाद उभा केला. तो प्रलंबित असतानाच जुलै २००५ मध्ये त्यांना तोंडी हुकमाने काढून टाकले. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला ३१ जानेवारी २०२५ रोजी. त्यांना कामावर परत घ्या, मागील पगाराची निम्मी रक्कम द्या, आणि कायम करण्याची प्रक्रिया सहा महिन्यांत सुरू करा. काम बारमाही आहे, मग माणसे हंगामी कशी, असा त्या निकालाचा रोख आहे. आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट म्हणजे तो देणाऱ्या दोन न्यायमूर्तींपैकी एक, न्या. प्रसन्न वराळे, आपल्या निपाणीत जन्मलेले. याच दोघांनी २० डिसेंबर २०२४ रोजी केंद्रीय जल आयोगातल्या सफाई आणि बागकाम करणाऱ्यांच्या बाजूनेही असाच निकाल दिला होता. निकालांचे समाधान आहेच. पण जवळजवळ वीस वर्षे! २००५ साली लावलेल्या कडुलिंबाखाली आज माणसे डबा खायला बसत असतील.

तोवर पालिका काय दाखवत आल्या? २००६ सालचा उमादेवी निकाल, जो कर्नाटकातल्याच रोजंदारी कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात घटनापीठाने दिला. मागल्या दाराने नेमलेल्यांना कायम होण्याचा हक्क नाही, असे त्याने म्हटले. मागले दार बंद करा, असा त्याचा अर्थ. आपल्या कारभाऱ्यांनी असा अर्थ लावला की पुढले दारही उघडायचे नाही, आणि माणसे मात्र कुंपणावरून घ्यायची. वर सांगितलेल्या दोन्ही निकालांनी या सोयीस्कर वाचनाला चपराक दिली आहे.

आता ठरलेले आक्षेप. पहिला, ‘माळी कायम झाला की काम करत नाही.’ हा आक्षेप घेणाऱ्यांत निम्मे लोक स्वतः कायम नोकरीतून निवृत्त झालेले असतात, हे मी अनेक सकाळी फिरायच्या वाटेवर ऐकले आहे! कामचुकार कायम माळी असतात, नाकारत नाही. पण त्याला नाव असते, हजेरीपट असतो, त्याच्यावर अधिकारी असतो, बागेत येणारी चार माणसे त्याला हाक मारून विचारू शकतात, ‘काय मामा, हे आळे कोरडे का?’ ठेक्यात कामचुकारपणाला नावच नसते. आठ मजुरांची हजेरी आणि तीन मजुरांचे काम, यात चुकार कोण ते शोधून दाखवा.

दुसरा आक्षेप, ‘पैसा कुठे आहे?’ जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीची पहिली वीस शहरांची यादी जाहीर झाली, तीत बेळगाव होते. केंद्राकडून प्रत्येक शहराला वर्षाला सरासरी शंभर कोटी, असे पाच वर्षांचे गणित, आणि तितकीच भर राज्याने आणि पालिकेने घालायची. तेव्हा पैसा नव्हता असे म्हणता येत नाही. तो बांधकामाकडे गेला. देशभर अशा योजनांतून जी उद्याने झाली त्यांत फरशा, कारंजी, रंगीत दिवे, व्यायामाची यंत्रे आणि शहराच्या नावाची मोठाली अक्षरे आली. सिमेंट थेट झाडांच्या बुंध्यापर्यंत गेले, ते इतके की दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाला २०१३ सालीच झाडाभोवती एक मीटर जागा मोकळी ठेवा असे बजावावे लागले होते. कारंजे बांधणे हा ‘विकास’. त्याच्या शेवाळलेल्या हौदात उतरून तो घासणाऱ्याचा पगार हा ‘खर्च’. स्मार्ट सिटी योजनेची मुदत ३१ मार्च २०२५ रोजी संपली. १ एप्रिलला, ऐन उन्हात, रोपांना पाणी घालायचे होतेच.

आणि ‘हे जमणारच नाही’ म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण आपल्याच राज्यात आहे. रस्ते झाडणारे पौरकार्मिक वर्षानुवर्षे ठेकेदारांच्या हाताखाली होते. ते संघटित झाले, रस्त्यावर बसले, सरकारे बदलली तरी बसले. १ मे २०२५ रोजी बंगळुरूत बारा हजारांहून अधिक पौरकार्मिकांच्या हाती कायम नेमणुकीची पत्रे पडली. झाडूला जे मिळाले ते खुरप्याला का मिळू नये? फरक एवढाच की पौरकार्मिक एका दिवशी थांबले तर साऱ्या शहराला वास येतो. माळी थांबला तर वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. त्याच्या वतीने म्हणूनच इतरांनी बोलायला हवे.

जुन्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा स्वभाव नाही, तरी एक सांगतो. बडोद्याचे सयाजीबाग १८७९ चे. सयाजीराव महाराजांनी बागांसाठी १८९३ साली कृंबिगल नावाचा जर्मन उद्यानतज्ज्ञ आणला. हाच माणूस पुढे म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळुरूच्या लालबागेला त्याने आजचे रूप दिले. म्हणजे मराठी राज्यकर्त्याच्या बडोद्यातून कानडी राजधानीच्या बागेपर्यंत एक सलग धागा आहे. भाषेच्या भांडणात तो आपल्याला आठवत नाही. पण त्या इतिहासातही महाराज आहेत, साहेब आहेत, हाताखालच्या माळ्यांची नावे नाहीत. तेव्हाही दगडावर माळी नव्हताच. निदान साहेब बागेत चिखलाचे बूट घालून फिरत होता आणि माळ्याला विचारणारा कुणी होता, इतकेच.

शेवटचे गाऱ्हाणे आपल्याच लोकांविषयी. बागेच्या पाटीवर कानडी किती, मराठी किती, यावर आपण दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर आलो. पाटीवर माझी भाषा असावी, हा माझा हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही. पण ‘हू कीळबेडी’ आणि ‘फुले तोडू नका’ या दोन्ही ओळींखालचे झुडूप वाळून गेले होते, हे त्या भांडणात किती जणांनी पाहिले? त्या झुडपाला पाणी घालणाऱ्याची घरची भाषा कोणती, हे आपल्याला ठाऊक नाही, कारण आपण त्याच्याशी कधी बोललोच नाही. आषाढ वद्य चतुर्दशीला आपण सावता महाराजांच्या पुण्यतिथीचे कीर्तन ऐकतो, अरणच्या मळ्यात देव भेटायला आला म्हणून माना डोलावतो, आणि परतताना वाटेतल्या बागेत कागदी बशा टाकून येतो. आपली लहान मुले आपल्यापेक्षा शहाणी. या दिवसांत किल्ला करतात, त्यावर अळीव पेरतात, आणि शाळेतून आल्या आल्या दप्तर न ठेवता आधी पाणी शिंपडतात.

दिवाळीनंतर पालिकांच्या अंदाजपत्रकाची तयारी सुरू होते. त्या आधी आपापल्या वॉर्डाच्या नगरसेवकाला एक साधे पत्र लिहा, मराठीत लिहा, कानडीत लिहा, दोन्हीत लिहा. आमच्या वॉर्डात बागा किती, मैदाने किती, माळ्यांची मंजूर पदे किती, त्यांतली भरलेली किती? उत्तर लेखी मागा. नाही आले तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. आणि उत्तर हातात आल्यावर बागेत जाऊन, तिथे जो कुणी नळी धरून उभा असेल त्याला ते दाखवा. त्यातल्या कुठल्या आकड्यात तो आहे, हे त्यालाही कळू दे.